मातीतली तार

दिवाळी आली की दिवे आले आणि दिवे आले की किडेही आले. पावसाळा नुकताच सरलेला असतो, हवेत अजून थोडी ओल असते, आणि गॅलरीत पणत्यांची ओळ लागली की कुठून कुठून ही मंडळी आमंत्रणाशिवाय हजर होतात. गृहिणी रांगोळीवरून त्यांना झटकते, मुले रिकामी काड्यापेटी घेऊन त्यांच्यामागे धावतात, आणि गृहस्थ वर्तमानपत्राची घडी उगारतात. या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊकच आहे की प्रस्तुत लेखक यांतल्या कोणत्याच वर्गात बसत नाही. तो चष्मा पुसतो आणि खाली वाकून पाहतो.

अशा गर्दीत एखादे वेळी एक लांबट, चपटा, तपकिरी भुंगेरा सापडतो. घाट साधारण खारकेच्या बीसारखा, पण अंगाने तिच्याहून पुष्कळ लहान. दिसायला अगदी सामान्य. दहा जणांत उठून दिसावा असे त्याच्यात काही नाही. पण त्याला अलगद उचलून उताणा ठेवा आणि थोडा धीर धरा. प्रथम तो पाय आवरून मेल्याचे सोंग आणतो. मग पाठीची किंचित कमान करतो. आणि एकाएकी 'टक्' असा स्पष्ट आवाज होऊन स्वारी हवेत वीतभर उडते! मुले टाळ्या पिटतात आणि त्याला पुन्हा उताणा करतात. तोही बिचारा पुन्हा 'टक्' करतो.

इंग्रजीत याला 'क्लिक बीटल' म्हणतात. हल्ली 'क्लिक' म्हटले की पोरांना संगणकाचा उंदीर आठवतो, म्हणून या लेखापुरते मी त्याचे 'टिचक्या' असे बारसे करून टाकतो. जगात या टिचक्यांच्या सुमारे दहा हजार जाती आहेत. आजचा विषय हाच. पण त्याची उडी ही या गोष्टीतली नुसती नांदी आहे. खरे नाटक घडते ते त्याच्या बाळपणी, आणि तेही जमिनीखाली, काळोखात. त्या नाटकात एका मोठ्या राष्ट्राची भाकरी गुंतली होती, आकाशातला एक राजबिंडा पक्षी गुंतला होता, आणि तुमच्याआमच्या घरातली ढेकणांची पूडसुद्धा गुंतली होती. तेव्हा जरा सबुरीने ऐका.

आधी उडीचे कोडे सोडवू. आपण उडी मारतो ती पायांनी. टोळ मारतो, बेडूक मारतो, तीही पायांनीच. टिचक्याचे पाय मात्र आखूड, आणि उताणा पडला की ते आभाळाकडे! मग उडी कशाने मारायची? निसर्गाने त्याच्या छातीवर एक छोटी खुंटी दिली आहे आणि तिच्यामागे ती बसेल असा एक खळगा. पाठीची कमान केली की ही खुंटी खळग्याच्या कडेला अडकून राहते. आतले स्नायू ताणले जातात, ताण वाढत जातो आणि एका क्षणी खुंटी कडेवरून निसटून खटकन आत जाते. अडसर सुटलेल्या उंदराच्या सापळ्यासारखे सारे शरीर झटक्यात मिटते आणि भुंगेरा वर फेकला जातो. आपण अंगठ्यावर मधले बोट दाबून टिचकी वाजवतो, तोच हा प्रकार.

इव्हान्स नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने १९७२-७३ च्या सुमारास या उडीचे बारकाईने मोजमाप केले. सुमारे ३० सेंटिमीटर उंच जाणारी ही उडी मारताना त्या किड्याच्या अंगावर गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ ३८० पट जोर येतो, असे त्याला आढळले. अंतराळात जाणाऱ्या वीराला उड्डाणाच्या वेळी तीनचार पट जोर सोसावा लागतो आणि त्यासाठी त्याला कित्येक महिने तालीम द्यावी लागते! गंमत अशी की एवढा आटापिटा करूनही तो पायांवरच उतरेल याचा नेम नसतो. पुन्हा पाठीवर पडला तर पुन्हा कमान, पुन्हा 'टक्'. तक्रार नाही की त्रागा नाही.

दिवाळीच्या अंकात शोभावा असा याच्या गोत्याचा आणखी एक विशेष सांगितला पाहिजे. अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांत आणि कॅरिबियन समुद्रातल्या बेटांवर याचे असे भाऊबंद आहेत की त्यांच्या मानेजवळ दोन्ही बाजूंना दोन हिरवट दिवे असतात. आपल्या काजव्यासारखी उघडझाप नाही. मोटारीच्या दिव्यांसारखे ते एकसारखे तेवत राहतात. त्या बेटांतल्या बायका हे किडे केसांत माळत असत. आपल्याकडे अबोलीचा गजरा, तिकडे उजेडाचा! त्यांतल्याच एका जातीच्या अळ्या पोर्टो रिको बेटावर उसाची मुळे खाणाऱ्या दुसऱ्या अळ्यांना मातीत शोधून खातात. म्हणजे त्या शेतकऱ्याच्या मित्र झाल्या. घराणे एक म्हणून स्वभाव एक नसतो, हे तुम्हांआम्हांला आपापल्या नातेवाइकांवरून माहीत आहेच.

पण युरोपातल्या शेतात जो टिचक्या आढळतो, त्याच्या लेकरांविषयी कोणताही शेतकरी चार बरे शब्द बोलणार नाही. हा भुंगेरा जेमतेम एक सेंटिमीटर लांब. वसंत ऋतू सरता सरता मादी गवताळ, ओलसर जमीन शोधते आणि वरच्या थरात बारीक अंडी घालते. महिन्याभराने त्यांतून दोऱ्याच्या तुकड्याएवढ्या अळ्या निघतात. त्या वाढत वाढत इंचभर होतात. रंग सोनेरी पिवळा, अंग गुळगुळीत आणि असे टणक की चिमटीत दाबले तरी चिरडत नाही. पितळी तारेचा तुकडाच जणू कोणी मातीत टाकून दिला आहे. म्हणूनच इंग्रज शेतकरी तिला 'वायरवर्म' म्हणतो. आपण तिला तारअळी म्हणू.

या तारअळीचे बाळपण किती लांबावे? फुलपाखराची अळी काही आठवड्यांत मोठी होते. ही बया चारपाच वर्षे अळीच राहते! आपल्याकडचे मूल जन्मून, रांगून, चालून बालवाडीत जाईपर्यंत ही काळोखात मुळे कुरतडत असते. कडक थंडी पडली किंवा वरची माती वाळली की ती खोल उतरते. वसंतात आणि शरदात पुन्हा वर येते. तिला डोळ्यांची गरजच नाही. रुजणारे बी आणि वाढणारी मुळे श्वासावाटे कर्बवायू सोडतात, त्याच्या मागावर ती जाते. बिचाऱ्या बियाने अंकुर फुटल्याचा आनंद श्वासाने व्यक्त करावा आणि त्याच श्वासावर शत्रूने घर शोधत यावे, असा हा मामला.

तिचे खाणेही चमत्कारिक आहे. ती घास गिळत नाही. जबड्याने मूळ किंवा कोंब चावून चावून त्याचा लगदा करायचा, त्यावर आपला पाचक रस सोडायचा आणि मग तो पातळ रस गाळून प्यायचा, अशी तिची रीत आहे. गव्हाचे रोप जमिनीच्या किंचित खाली चावले जाते. मधले पान पिवळे पडते, रोप माना टाकते, आणि अळी ओळीतल्या पुढच्या रोपाकडे वळते. बटाट्यात ती गाभ्यापर्यंत सरळ भोके पाडते, एखाद्याने विणकामाची सुई खुपसावी तशी. वजनात फारसा फरक पडत नाही, पण असा बटाटा बाजारात कोण घेणार? भाजीवाल्याकडे एकेक बटाटा उलटसुलट करून पाहणारे गिऱ्हाईक काही फक्त दादरलाच असते असे नाही. शिवाय त्या भोकांतून कूज आत शिरते ती वेगळीच.

आता आपण १९३९ सालच्या इंग्लंडात जाऊ. दुसरे महायुद्ध दाराशी येऊन ठेपले होते. त्या देशाच्या अन्नातला निम्म्याहून बराच अधिक भाग जहाजांतून येत असे. अमेरिका खंडातून स्वस्त गहू येऊ लागल्यापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून, तिथल्या शेतकऱ्यांनी आपली पुष्कळशी शेते गवताला सोडून दिली होती. गाई चरत, दूधलोणी मिळे, कशाला नांगराच्या मागे लागा? पण युद्धात जहाजे बुडणार आणि भाकरी घरच्याच मातीतून काढावी लागणार, हे सरकारला कळून चुकले. १९३९ च्या मे महिन्यात जाहीर झाले की जुने कुरण जो नांगरील त्याला एकरी दोन पौंड अनुदान मिळेल. परगण्यापरगण्यांत युद्धकालीन शेती समित्या नेमण्यात आल्या. कोणते रान मोडायचे आणि त्यात काय पेरायचे, याचा हुकूम काढण्याचा अधिकार त्यांना होता. पुढच्या पाच वर्षांत साठ लाख एकरांच्या आसपास नवी जमीन नांगराखाली आली.

आणि त्या जमिनीत कोण बसले होते? वर्षानुवर्षे कोणी न हलवलेल्या त्या गवताखाली टिचक्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी सुखाने संसार केले होते. जुन्या कुरणात एकरी दहा लाख तारअळ्या असणे ही काही नवलाची गोष्ट नव्हती. कित्येक ठिकाणी त्या याहूनही पुष्कळ अधिक होत्या. गवताच्या मुळांचे जाळे एवढे दाट असते की लाखो तोंडे त्यावर पोसली तरी वरच्या हिरवळीला पत्ता लागत नाही. पण तेच गवत मोडून तिथे गव्हाची मोजकी रोपे लावली म्हणजे? शंभर पाहुण्यांच्या पंगतीत दहा पाने वाढल्यासारखे होते ते!

त्यात आणखी एक फसवणूक होती. पुष्कळ ठिकाणी पहिल्या वर्षी पीक बरे येई. शेतकरी खूश होई, समिती खूश होई. कारण उलथलेल्या ढेकळांतले गवत मातीखाली अजून शाबूत असे आणि अळ्या त्यावरच गुजराण करीत. ते कुजून संपले की दुसऱ्या वर्षी त्यांची सगळी भूक पिकावर पडे. शेतकऱ्याच्या वाट्याला काय उरले? कुरण गेले, त्यामुळे गुरांची वैरण गेली; आणि गहूही गेला. ज्या देशात समुद्रातून आलेल्या प्रत्येक पोत्यामागे खलाशांचे प्राण पणाला लागले होते, तिथे पेरलेले बी असे वाया जाणे म्हणजे दुहेरी नुकसान होते.

अशा वेळी त्या देशाने जे केले ते मला फार महत्त्वाचे वाटते, आणि आजचा सारा प्रपंच मी त्यासाठीच मांडला आहे. त्या वेळी या अळीवर भरवशाचे औषध नव्हते. तेव्हा त्यांनी ठरवले की मारता येत नाही तर निदान मोजू या.

१९३९ पासून तारअळ्यांची देशभर शिरगणती सुरू झाली. कीटकशास्त्रज्ञ आणि त्यांचे मदतनीस शेतोशेती हिंडू लागले. पद्धत अशी की चार इंच व्यासाची नळी सहा इंच खोल दाबून मातीचा गोळा काढायचा. असे वीसेक गोळे शेताच्या निरनिराळ्या भागांतून घ्यायचे आणि त्यांतल्या अळ्या मोजायच्या. हिशेब सोपा आहे, मुलांनी करून पाहावा. अशा वीस गोळ्यांचे क्षेत्रफळ पावणेदोन चौरस फूट भरते, आणि एका एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. म्हणजे वीस गोळ्यांत मिळून एक अळी सापडली तर एकरी सुमारे पंचवीस हजार. चाळीस सापडल्या तर दहा लाख!

पण मातीतून अळ्या वेचायच्या कशा? मोठ्या दिसतात, पण नखाएवढ्याही नसलेल्या लहानग्या हातून निसटतात. केंब्रिजच्या सॉल्ट आणि हॉलिक या दोघा शास्त्रज्ञांनी यासाठी एक पद्धत वापरली, ती आपल्या स्वयंपाकघरात शोभेल अशी आहे. माती पाण्याने धुऊन चाळायची. चाळणीत उरलेला मुळ्या, काड्या आणि किड्यांचा गाळ पाणी व खनिज तेल यांच्या मिश्रणात घुसळायचा. मुळ्याकाड्या पाण्याने भिजून पाण्यातच राहतात. किड्यांची कातडी मात्र तेलकट. ते तेलाला चिकटतात आणि पाणी व तेल यांच्या मधल्या थरात येऊन बसतात. ताक घुसळावे आणि लोणी वर यावे तसे. या रीतीने मोजल्यावर कळले की आधीच्या अंदाजांत बाळअळ्या गळून गेल्या होत्या आणि मातीतली खरी वस्ती समजुतीपेक्षा कितीतरी मोठी होती. सॉल्ट आणि हॉलिक यांचा हा अभ्यास १९४४ साली प्रसिद्ध झाला.

मोजणीमुळे अळी मेली नाही, हे खरे. पण निर्णय घेता आले. अळ्या थोड्या असल्या तर बेलाशक गहू पेरा. मध्यम असल्या तर बी जास्त टाका, रूळ फिरवून जमीन घट्ट करा, म्हणजे अळीला हिंडणे जड जाईल. दहा लाखांच्या वर गेल्या तर गव्हाचा नाद सोडा. वाटाणा, घेवड्याच्या जातीची कडधान्ये किंवा जवस घ्या, कारण ही पिके तिचा मारा बऱ्यापैकी सोसतात. आणि बटाटा? अशा रानात बटाट्याचे नावच काढू नका. अशा रीतीने युद्धातली ती आणीबाणी नळी, चाळणी आणि अंकगणित यांच्या आधाराने बरीच निभावली.

मग औषध आले. १८२५ साली मायकेल फॅरडे यांनी प्रयोगशाळेत एक रसायन तयार केले होते. ते शंभराहून अधिक वर्षे कपाटात पडून होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इम्पिरियल केमिकल इंडस्ट्रीज या ब्रिटिश कंपनीच्या शास्त्रज्ञांना आढळले की हे रसायन किड्यांना मारते. त्यातला खरा जहाल अंश थोडाच, पण त्याला नाव मिळाले 'गॅमेक्सिन'. जुन्या वाचकांच्या नाकात एव्हाना वास दरवळला असेल! खाटेच्या सांध्यांत, गाद्यांच्या शिवणीत, मुंग्यांच्या रांगेवर, मोरीच्या कडेला टाकलेली ती उग्र, कुबट वासाची पूड मराठी घरांत कोणाला ठाऊक नव्हती? उन्हाळ्याच्या सुटीत खाटा गच्चीवर काढायच्या, उकळते पाणी ओतायचे आणि मग गॅमेक्सिन भुरभुरवायची, हा तर घरोघरी एक वार्षिक संस्कारच होता. आपल्या ढेकणांवर आलेले हे अस्त्र विलायतेत तारअळीवरही चालवले गेले.

ते चालले, आणि खूप चालले. बियाण्याला थोडीशी पूड चोळली की रोप वाचू लागले. फक्त बटाट्याच्या शेतात घातली की बटाट्याला तिचा कुबट वास लागे आणि तो तोंडात घालवेना. अळीने चावलेला बटाटा परवडला, पण हा नको, अशी पाळी आली. जीभ ही मोठी प्रामाणिक साक्षीदार आहे. दुर्दैवाने पुढची विषे बिनवासाची निघाली.

१९५० नंतर आल्ड्रिन, डील्ड्रिन ही नवी रसायने आली. तारअळी आणि गव्हाचा कोंब पोखरणारी एक माशी यांच्यावर उपाय म्हणून ती बियाण्याला लावली जाऊ लागली. पेरणीच्या वेळी काही दाणे वर राहतातच. ते कबुतरांनी टिपले. १९६० आणि १९६१ च्या वसंतात इंग्लंडच्या शेतांत रानकबुतरे, तित्तिर आणि इतर पाखरे शेकड्यांनी मरून पडू लागली. ती खाऊन कोल्हेही मेले. कोल्ह्याची शिकार हा तिथल्या बड्या लोकांचा खेळ, त्यामुळे पाखरांसाठी जे कान उघडले नव्हते ते कोल्ह्यांसाठी उघडले!

याच सुमारास एक विलक्षण घटना घडली. शर्यतीची कबुतरे पाळणाऱ्यांनी सरकारकडे गाऱ्हाणे मांडले की बहिरी ससाणे माजले आहेत, ते आमची कबुतरे मारतात, तेव्हा त्यांचे कायद्याचे संरक्षण काढा. ससाणे खरोखर किती आहेत ते पाहण्याचे काम डेरेक रॅटक्लिफ यांच्याकडे आले. १९६१-६२ साली कडेकपारींतली जुनी घरटी पाहत गेल्यावर त्यांना दिसले ते भलतेच. ससाणे माजले नव्हते. ते नाहीसे होत होते. १९६३ पर्यंत त्यांची संख्या युद्धापूर्वीच्या निम्म्याहूनही खाली आली होती. दाण्यातले विष कबुतरात, कबुतरातले ससाण्यात साठत गेले होते. १९६७ साली रॅटक्लिफ यांनीच दाखवून दिले की त्यांच्या अंड्यांची कवचे पातळ झाली आहेत आणि घरट्यात फुटत आहेत, त्यामागे डी.डी.टी. असल्याचे पुढे स्पष्ट झाले.

इथेही उलगडा केला तो मोजणीनेच, हे ध्यानात घ्या. पाळणाऱ्यांच्या तक्रारीवर विश्वासून हुकूम सुटला असता तर उरलेसुरले ससाणे बंदुकीने संपले असते. वसंतातल्या पेरणीसाठी ही विषे बियाण्याला न लावण्याचे १९६१ साली ठरले, हळूहळू पुढची बंधने आली आणि ससाणा वाचला. आज तो लंडनच्या उंच इमारतींवरही घरटी करतो.

गॅमेक्सिनचीही सद्दी संपली. आपल्या देशात मूळ बी.एच.सी.वर १९९७ साली बंदी आली. त्यातला शुद्ध जहाल अंश, म्हणजे लिंडेन, २००९ साली स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय कराराने वर्ज्य ठरवला आणि २०१३ साली आपल्याकडे त्याचा वापर बंद झाला. मग निकोटिनच्या धर्तीवर बनवलेली नवी औषधे बियाण्याला लागू लागली. पीक वाचले, सारे खूश. पण कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी माती उकरून पाहिली तेव्हा काय दिसले? तारअळ्या मेल्या नव्हत्या. गुंगी येऊन त्या निपचित पडल्या होत्या आणि काही महिन्यांनी पुन्हा हिंडूफिरू लागल्या होत्या! म्हणजे पिकाने निभावून नेले, पण शत्रूची संख्या होती तेवढीच राहिली. मेल्याचे सोंग आणण्याची विद्या भुंगेऱ्याच्या घराण्यात आहेच. इथे ते सोंग औषधानेच आणवले. पुढे ही औषधे मधमाश्यांना घातक ठरतात असे दिसल्यावर युरोपीय संघाने २०१८ साली त्यांतल्या तिघांचा उघड्या शेतातला वापर बंद केला.

मग तिकडचा शहाणा शेतकरी आता काय करतो? फिरून फिरून तो मोजणीवरच आला आहे. पेरणीआधी भिजवलेले गहू आणि मका छिद्रांच्या कुंडीत घालून तो जमिनीत पुरतो. बी रुजू लागले की त्याच्या श्वासावर अळ्या जमतात. दोन आठवड्यांनी कुंडी काढून मोजायच्या. मादीच्या गंधाचे सापळे लावून नर भुंगेरे किती येतात तेही पाहतात. अळ्या फार असतील तर त्या रानात बटाटा लावायचा नाही, पीक पालटायचे, जमीन उलथून अळ्या उन्हाला आणि पाखरांना दाखवायच्या. यात जादू नाही. पण चारपाच वर्षे दम धरणाऱ्या शत्रूशी एका हंगामाच्या उतावळेपणाने लढता येत नाही, हे ऐंशी वर्षांत पुरते कळून आले आहे.

वाचक म्हणतील, हे झाले विलायतेचे, आपले काय? आपल्याकडच्या शेतकऱ्याला तारअळी फारशी छळत नाही. तिची जागा इथे हुमणीने घेतली आहे. हुमणी ही निराळ्या कुळातल्या भुंगेऱ्यांची अळी: पांढरी, गुबगुबीत, चंद्रकोरीसारखी वाकलेली. ऊस आणि भुईमूग यांची मुळे ती फस्त करते. हिरवागार ऊस पिवळा पडतो आणि ओढला की बेट अलगद हातात येते, कारण खाली मुळेच उरलेली नसतात. तुम्ही लाडवासाठी ज्या साखरेचे पोते उघडता, तिच्या वाटेत ही हुमणी आडवी बसलेली असते.

पण हुमणीत एक कच्चा दुवा आहे. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की संध्याकाळी तिचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमतात. तिथे जोडीने रात्र घालवून पहाटे पुन्हा मातीत शिरतात. त्या काही रात्रींत फांद्या हलवून भुंगेरे खाली पाडले आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकले, तर एकेका मादीबरोबर तिची पाचपन्नास अंडी जातात. ना विष, ना ससाण्याला धोका.

कोल्हापूरकडच्या माझ्या एका ऊसवाल्या नातलगांना मी एकदा विचारले, "मामा, तुम्ही औषध टाकत नाही का?"

मामा म्हणाले, "टाकतोय की. पर औषध माझ्या रानात, आन्‌ भुंगा समद्या गावाच्या लिंबावर. त्याला काय बांध कळतोय व्हय? म्या एकट्यानं गोळा केलं नि शेजाऱ्यानं न्हाई केलं, तर त्याचंच भुंगं माझ्याकडं अंडी घालून जात्यात. गावानं एका राती कंदील घेऊन निघाय पायजे."

मला वाटते, शास्त्रज्ञांच्या साऱ्या ग्रंथांचे सार मामांनी चार वाक्यांत सांगून टाकले. विष ही एकट्याने करायची गोष्ट आहे. पुडी आणली, फोडली, टाकली. परिणाम मात्र शेजारच्या कबुतराने भोगायचे. मोजणे आणि वेचणे यांना मात्र चार माणसे लागतात, चार रात्री लागतात आणि शेजाऱ्याशी बोलणे ठेवावे लागते. ते महाग वाटते, आणि म्हणूनच आपण पुडीकडे वळतो. तसे न करणारी काही गावे आजही आहेत. पहिल्या पावसानंतर तिथे लिंबाखाली कंदील आणि बॅटऱ्या दिसतात, आणि पोरे भुंगेऱ्यांची मोजदाद करीत बादल्या भरतात.

शहरातल्या आपण काय करावे? फार नाही. बाजारात बटाट्याला किंवा भाजीच्या पानाला एखादे भोक दिसले तर लगेच नाक मुरडू नये. निर्मळ, बिनडागी, आरशासारखा माल हवा असा हट्ट आपण धरतो, तेव्हा त्याची किंमत कोणीतरी शेतात पुडीने चुकती करीत असतो. आणि या चार दिवसांत पणतीपाशी एखादा तपकिरी पाहुणा उताणा पडलेला दिसला, तर त्याला केरसुणीने लोटण्याआधी मुलांना हाक मारा. त्याला टक् करू द्या. मग त्याला उचलून कुंडीतल्या मातीवर सोडा आणि मुलांना एवढे सांगा की जमिनीखाली काय चालले आहे हे ज्याला मोजता येते, त्यालाच जमिनीवरचे पीक कळते.

सर्व वाचकांना ही दिवाळी सुखाची जावो!